नाद, वेड आणि आजार: भांडण नेमकं कशावर आहे?

माळ घातल्यावर तिसऱ्या रात्री मामांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या.

मामा बेळगावच्या वडगावात मागावर कामाला होते. पंधरा-वीस वर्षांची रोजची दारू. सुरुवातीला संध्याकाळची एक क्वार्टर, शेवटी शेवटी सकाळी हाताची थरथर थांबावी म्हणूनसुद्धा. त्या वर्षी आषाढी एकादशीला आजीच्या हट्टापायी त्यांनी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याकडून तुळशीची माळ घालून घेतली आणि त्याच दिवसापासून दारू बंद. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या रात्री उठून बसले आणि म्हणाले, "मुंग्या चढुलाल्यात बघ की भिंतीवर, झाडा त्या." मग वारलेले आजोबा दारात उभे आहेत म्हणायला लागले.

घरात तीन मतं पडली. आजी म्हणाली, बाहेरचं झालंय, पहाटे नरसोबाच्या वाडीला न्यायचं. थोरले मामा म्हणाले, "नाटक करुलालाय, एक घोट मिळावा म्हणून." आईला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय, धारवाडच्या मनोरुग्णालयात दाखवायला पाहिजे. शेवटी शेजारच्या एका सिस्टरनी दटावून रिक्षा बोलवायला लावली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: शेवटचा घोट कधी घेतला होता? हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. पाचव्या दिवशी मामा खाटेवर बसून चहा पीत होते आणि मागावर अर्धी राहिलेली साडी कुणी पुरी केली, ते विचारत होते.

झालं होतं ते असं. दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या ब्रेकची सवय करून घेतो आणि काम चालू राहावं म्हणून ॲक्सिलेटर जास्त दाबून धरतो. वर्षानुवर्षं हे असंच चालतं. मग एके दिवशी ब्रेक एकदम सुटतो, ॲक्सिलेटर मात्र दाबलेलाच. चोर्ला घाटात गाडीचं जे होईल तेच मेंदूचं होतं: थरथर, घाम, फिट, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास. याला डॉक्टर 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात: मेंदू शांत करणाऱ्या आणि हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या, सलाइन, आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं.

सहा महिन्यांनी मामा पुन्हा प्यायले. त्या दिवशी हात थरथरत नव्हते, कुणी आग्रह केला नव्हता. पगार झाला, चालत गेले, बाटली घेऊन आले. तेव्हा आई जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही: "स्वतःच्या पायानं आणायला जातोय मी बघतोय की. मग आजार कसला हा?"

मनाचे विकार आणि व्यसन हे खरे आजार आहेत का, यावर जगभर साठ-सत्तर वर्षं विद्वान भांडत आलेत. त्या भांडणाची दोन्ही टोकं आमच्या घरात या दोन प्रसंगांत आली. माळेनंतरचा तिसरा दिवस बघणाऱ्याला वाटेल, याहून खरा आजार कुठला? पगाराचा दिवस बघणाऱ्याला वाटेल, ही तर मर्जी.

आधी शब्द बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. 'रोग' हा संस्कृत शब्द, मोडणं आणि दुखणं असा अर्थ असलेल्या 'रुज्' धातूपासून आलेला. 'आजार' फारसीतून आला. तिथे 'आझार' म्हणजे त्रास, इजा. आपण दोन्ही एकाच अर्थी वापरतो, पण मला हा फरक फार उपयोगी वाटतो. शरीरात काय मोडलंय हा रोगाचा प्रश्न, माणसाला काय सोसावं लागतंय हा आजाराचा. त्यापुढचा शब्द 'व्यसन'. आज तो ऐकला की दारू-जुगार आठवतो. संस्कृतात मात्र त्याचा अर्थ संकट असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवरच आहे, आणि त्यात राजाची दारू-जुगाराची खोड येते तसा पूर, दुष्काळ आणि रोगराईही येते. माणूस ओढवून घेतो ते आणि माणसावर कोसळतं ते, दोन्हींना एकच शब्द. चरकसंहितेतही उन्मादावर चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे आणि मद्यातून होणाऱ्या मदात्ययावरही. म्हणजे हे आजार पाश्चात्त्य डॉक्टरांनी परवा शोधून काढले, असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही.

आता विरोधी बाजू, तिच्या पुऱ्या ताकदीनिशी.

१८५८ साली रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरनं मांडलं की रोग म्हणजे पेशींमधला बिघाड. आधुनिक वैद्यकाचा पाया तो. क्षयात फुप्फुसात गाठी दिसतात, कावीळ यकृतात सापडते. याच मापानं थॉमस सास या मानसोपचारतज्ज्ञानं १९६१ साली सवाल केला: नैराश्यात कुठली पेशी बिघडलेली दाखवता? शवविच्छेदनात स्किझोफ्रेनिया सापडतो का? सापडत नसेल तर त्याला रोग म्हणणं हा केवळ अलंकार आहे, 'बाजार आजारी आहे' म्हणतात तसा. माणसांना जगण्याच्या अडचणी असतात, त्यांना रोगाचं नाव दिलं की डॉक्टरच्या हाती कोंडून ठेवण्याची सत्ता येते. सास स्वतः त्या पेशात होते, हे लक्षात घ्या.

त्यांची भीती पोकळ नव्हती. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं, मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रॅपेटोमेनिया' नावाचा मनोविकार असतो असं लिहून ठेवलं. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत विकार होती. ती काढल्यावर वाद इतका पेटला की पुढच्या वर्षी सभासदांचं मतदान घ्यावं लागलं. सोव्हिएत रशियात सरकारविरोधकांना मनोरुग्ण ठरवून डांबलं गेलं. आणि लांब कशाला जायचं? जमिनीत वाटा मागणारी विधवा, नवऱ्याचा मार खाऊन उलट बोलणारी सून, यांना 'वेडी आहे ती' म्हणून गप्प केलेलं आपण पाहिलेलं नाही का? म्हणूनच आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की समाजाच्या नैतिक, सामाजिक, धार्मिक चालीरीतींशी एखाद्याचं पटत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

तरीही सासांचं मूळ माप मला पटत नाही.

त्याचं एक कारण इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे खूप रुग्ण असत, जे आधी बढाया मारत, मी राजा आहे म्हणत, मग बुद्धी जाई, अंग लुळं पडे आणि मरत. पुष्कळांच्या मते हा वाईट चालीचा परिणाम. १९१३ साली नोगुची आणि मूर या संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. पुढे पेनिसिलिन आलं आणि हे वेड जवळपास नाहीसं झालं. फिट येण्याचंही तसंच. आपल्याकडे अजून कुणी कुणी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. मेंदूतले विजेचे प्रवाह कागदावर उमटवणारं यंत्र विसाव्या शतकात आलं आणि फिट हा मेंदूचा आजार म्हणून मान्य झाला. म्हणजे होतं असं, की बिघाड सापडला रे सापडला की तो आजार 'मनाच्या' खात्यातून उचलून मेंदूच्या खात्यात टाकतात. मग उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, यांच्यात बिघाड दिसतच नाही!

दुसरं कारण आपल्या प्रत्येकाच्या घरातलं आहे: बीपी. सांगा बरं, त्याचा 'बिघाड' कुठे दिसतो? बहुतेकांच्या बाबतीत एकच असं कारण सापडत नाही. १४० वर ९० ही रेघ माणसांनी समितीत बसून ओढलेली आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती १३० वर ८० केली आणि एका दिवसात कोट्यवधी माणसं रुग्ण झाली. त्यांच्या अंगात त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं. तरी बीपी खोटा आहे असं कुणी म्हणत नाही, कारण रेघ कुठेही ओढा, दाब वाढलेल्यांना पक्षाघात जास्त होतो. उदासीचं तसंच आहे. उदास सगळेच होतात. कुठपासून आजार म्हणायचं ती रेघ माणसंच ओढतात. पण त्या रेघेपलीकडचा माणूस जेवत नाही, झोपत नाही, शेताकडे फिरकत नाही, जीव द्यायचं मनात आणतो, आणि हे काही समितीनं ठरवलेलं नाही.

इथे 'अंगात येण्या'बद्दल बोलायलाच हवं, कारण सौंदत्तीची यल्लम्मा आणि चिंचलीची मायाक्का या भागात प्रत्येकाला ठाऊक आहेत. यात्रेत, हलगीच्या नादात बाईच्या अंगात येतं, घटकाभरानं उतरतं, आणि घरी परतून ती भाकऱ्या थापते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीतही ही गोष्ट वेगळी काढलेली आहे: धार्मिक चालीरीतीत, समाजाला मान्य असलेल्या प्रसंगी येणारी अशी अवस्था विकारात धरत नाहीत. नको असताना, वेळी-अवेळी, पुन्हा पुन्हा येऊन जी संसार उधळून लावते, तिला विकार म्हणतात. ही रेघ मला शहाणपणाची वाटते.

एक गोष्ट आजाराच्या बाजूच्या लोकांनीही कबूल केली पाहिजे. 'मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं' ही कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. २०२२ साली आजवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला, त्यात याला ठोस आधार सापडला नाही. मग गोळ्या खोट्या का? नाही. २०१८ च्या दुसऱ्या मोठ्या आढाव्यात तपासलेली २१ औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र माफक होता. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, पण म्हणून ताप काही पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे आलेला नसतो. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा पुरावा जास्त पक्का आहे. एरवी शंभरातल्या साधारण एकाला होणारा हा आजार एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला असेल, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता ४० ते ५० टक्क्यांच्या घरात जाते. १०० टक्के होत नाही, यातही सांगण्यासारखं बरंच काही आहे. रक्त एकच, तरी निम्म्यांहून जास्त सुटतात.

आता दारू. हा वाद जास्त अवघड आहे, कारण इथे आईचा 'स्वतःच्या पायानं' आडवा येतो.

१९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं मद्यासक्ती हा आजार असल्याचं मान्य केलं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी व्यसन-संशोधन संस्थेचे प्रमुख ॲलन लेश्नर यांनी व्यसन हा मेंदूचाच आजार आहे असं ठामपणे मांडलं: मेंदूतली बक्षिसाची, म्हणजे सुखाची ओढ लावणारी यंत्रणा व्यसन हायजॅक करतं, मेंदूच्या स्कॅनमध्ये तो बदल दिसतो. यावर मेंदूशास्त्रज्ञ मार्क लुईस यांच्यासारख्यांचा आक्षेप असा की मेंदू तर कशानंही बदलतो. तबला शिका, कन्नड शिका, प्रेमात पडा, मेंदू बदलणारच. बदल दिसला म्हणजे रोग सिद्ध झाला असं होत नाही. व्यसन हे खोलवर रुजलेलं शिकणं आहे. त्यांच्या बाजूचा सगळ्यात जोरदार पुरावा व्हिएतनाम युद्धातला. तिथे जवळपास २० टक्के अमेरिकन शिपाई हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा मायदेशी पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. गाव बदललं, सोबत बदलली, भीती गेली आणि व्यसन सुटलं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शहरात, घराघरात फौजी असलेल्या या भागात, हे पटायला जड जाऊ नये. बहुतेक विडी-सिगारेट सोडणारेही डॉक्टरशिवायच सोडतात. शिवाय दारू महाग झाली, दुकान लांब गेलं, की पिणं कमी होतं. कॅन्सरवर कर लावून कॅन्सर कमी होत नाही.

पण साखर महाग झाली तर मधुमेह थोडा कमी होईलच की. मग मधुमेह आजार नाही का? आणि जे शिपाई सुटले ते सुटले, न सुटलेल्यांचं काय? जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या आहारी जाण्याच्या शक्यतेत साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. एकाच टेबलावर बसून चौघं पितात. तिघं उठून घरी जातात, एक तिथेच राहतो.

मी यातून काय घेतलं ते सांगतो. 'हा खरा आजार आहे का' असं विचारताना आपण एका दमात तीन प्रश्न विचारत असतो: शरीरात काही बिघडलंय का, दोष कुणाचा, आणि उपाय काय. शरीरात बिघडतं, मामांच्या तिसऱ्या रात्री ते आम्ही पाहिलं. तरीही प्रत्येक घोट बिघाडच घेतो असं नाही. साखरेच्या रुग्णाला आपण दोष देत नाही, पण जिलेबीचं ताट समोर आल्यावर हात आवरायची जबाबदारी त्याचीच असते. मामांना दोष न देता त्यांच्यावर जबाबदारी टाकता आली असती. आम्ही उलटं केलं. एकतर शिव्या दिल्या, नाहीतर 'आजारी आहे बिचारा' म्हणून पगार त्यांच्याच हातात राहू दिला.

'आजार' म्हटलं की कलंक पुसला जातो, असंही सरळ नाही. अभ्यासांत दिसलंय की मेंदूचा, रक्तातला आजार म्हणून सांगितलं की लोक दोष कमी देतात, पण 'हा काय आता बरा होत नाही' असं जास्त मानतात आणि लांबही राहतात. सोयरीक जमवताना हे बरोबर दिसतं. त्याचबरोबर समाज आपल्या सोयीनं नावं देतो. निपाणीच्या तंबाखूवर किती संसार उभे राहिले. १९८१ साली तंबाखूला चांगला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी याच निपाणीजवळ महामार्ग अडवून धरला आणि गोळीबारात जीव गमावले. त्याच तंबाखूची मशेरी सकाळी उठल्याबरोबर न लावली तर डोकं धरून बसणाऱ्या आज्यांना आपण कधी व्यसनी म्हटलं नाही. निकोटिनची पकड मात्र तीच.

रक्ततपासणीत न दिसणारे हे आजार बोलण्यातूनच ओळखावे लागतात. म्हणून आपल्या भागात भाषेचा प्रश्न नुसता मानाचा राहत नाही. खानापूरकडची बाई 'मनात काहूर उठतं', 'जिवाची उलघाल होते' म्हणते, समोरच्या डॉक्टरांना कन्नड किंवा इंग्रजी सोयीचं. सोबतचा मुलगा भाषांतर करतो, 'टेन्शन आहे', आणि आईला सून कशी वागवते ते त्यात येणारच नसतं. गाठ हाताला लागते, काहूर शब्दातच असतं. सोबत न्यायचंच तर दोन्ही भाषा येणारं आणि घरच्या भांडणात नसलेलं माणूस न्यावं.

उपचार लांब राहिलेले नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं १९८० च्या दशकात कर्नाटकातल्याच बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मनोविकारांवर उपचार देऊन पाहिले, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून देशभराचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना कुठला ना कुठला मनोविकार आढळला, आणि दारूच्या विकारात १०० पैकी ८६ जण उपचाराविना होते. कायद्यापुरता वाद मिटलेला आहे: २०१७ च्या कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरल्या आहेत, आणि विमा कंपन्यांना शारीरिक आजाराच्याच अटींवर मानसिक आजाराचा विमा द्यायला सांगितलं आहे.

'रुग्णाला न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. चहातून, आमटीतून औषध घालणाऱ्या बायांची तगमग मला कळते. पण डायसल्फिराम नावाचं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं, कधी जीवही जातो. ते त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. माळेलाही माझा विरोध नाही. माळेनं, दिंडीच्या सोबतीनं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र माळ घालायच्या आधी डॉक्टर गाठावा.

मामा तिसऱ्या खेपेला सुटले. गोळ्या चालू होत्या, पगार मामीच्या हातात जायचा, आणि घरी यायची वाट त्यांनी बदलली. बारवरून न जाता मागच्या बोळातून यायचे, पाच मिनिटं जास्त लागायची. माळ शेवटपर्यंत गळ्यात होती.

आता त्यांचा मुलगा शनिवारी उशिरा घरी येतो. माझ्या आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागं टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवलाय, १४४१६. फुकट लागतो, मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही. त्याखाली तिनं तिच्या अक्षरात लिहिलंय: रोज किती, कधीपासून, शेवटचा घोट कधी, आधी फिट आली होती काय.